मरगुबाईला सोडलेली वस्तू

आमटीत मी मुद्दाम दोनदा मीठ घातलं होतं, आणि आमच्या ह्यांनी ती निमूट खाल्ली.

भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, पहिला घास घेतला. डोळे जरा मोठे झाले. मग मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला. मी समोरच पाट टाकून बसले होते.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"चांगली झालीय."

"आणि मीठ?"

"बेताचं आहे की."

माझी सून वैजू गॅसपाशी उभी होती. तिनं पळी तळहाताला टेकवून जीभ लावली आणि तिचं तोंड कच्ची चिंच चावल्यासारखं झालं.

"मामा, अहो ही आमटी..."

"तुझ्या सासूनं केलीय. चांगलीच असणार."

ताट चाटूनपुसून रिकामं केलं. वर तांब्याभर पाणी प्याले. मग हात पुसत मला म्हणाले, "दमली असशील, पड जरा."

ह्या गोष्टीला आता कैक वर्षं झाली. तेव्हा पाळण्यात असलेला माझा नातू आज ओठावरनं बोट फिरवून मिशी आली का बघतो. पण त्या दिवशीचं ते "पड जरा" अजून माझ्या कानात आहे. मी हौसाबाई, चुरमुऱ्याच्या भट्टीवर उभं आयुष्य काढलेली. मला पड जरा म्हणणारा अजून जन्माला यायचा होता, आणि निघाला तो माझ्याच कुंकवाचा धनी.

लग्न होऊन आले त्या दिवसापासून ह्या माणसानं माझ्या आमटीला एकदाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. पातळ झाली तर "ह्यात म्हशी बसवायच्यात काय," आणि घट्ट झाली तर "ठेव, भिंतीला पोपडे आलेत तिथं लावू." मी काय ऐकून घेणारी? मी म्हणायची, तुमच्या आईनं तुम्हाला दात दिले, जीभ द्यायची राहिली. मग ते माझ्या माहेरावर जायचे, मी त्यांच्या बहिणीवर. रस्त्यावर एस.टी.ची वाट बघणारी माणसं पावशेर चुरमुऱ्याच्या निमित्तानं आमच्या भट्टीपाशी उभी राहायची आणि गाडी चुकवायची.

हात उगारणं, शिवीगाळ असलं आमच्यात कधी नव्हतं. नुसतं भांडण. आणि ते वाया जायचं नाही. ते एक म्हणायचे, मी दुसरं म्हणायची, दोन-चार दिवस वाजत राहायचं आणि त्यातनं तिसरंच काहीतरी चांगलं निघायचं. न्हाणीघर तसंच बांधलं. भट्टीवरचा पत्रा तसाच बदलला. वैजूला सून करून आणली तीसुद्धा तशीच. ह्यांना दुसरी मुलगी पसंत होती, मला तिसरी.

एका धुराड्याचं तेवढं पिकलं नव्हतं. चुरमुऱ्याची भट्टी म्हणजे खाली भाताचं तूस पेटवायचं, कढईत वाळू तापवायची, तिच्यात तांदूळ टाकायचा, आणि तडतडून फुलला की चाळायचा. तुसाचा धूर दिवसभर तोंडावर. सासूनं मला भट्टीच्या तोंडाशी बसवलं ती जागा मी सोडली नव्हती, कारण आमच्या घरात तिथं बसेल तिचा शब्द चालतो. धूर वर काढून द्यायला धुराडं बांधायचं हे दोघांना कबूल होतं. पण हे म्हणायचे रस्त्याच्या अंगाला काढू, मी म्हणायची ओढ्याच्या अंगाला. रस्त्याच्या अंगाला काढलं तर धूर सगळा गिऱ्हाइकाच्या नाकात. ह्यांचं म्हणणं, ओढ्याकडचं वारं पावसाळ्यात उलटं फिरतं. विटा आणून रचून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर शेवाळ चढलं तरी आमचं चालूच होतं.

मला आजार आहे हेसुद्धा भांडणातच कळलं.

एका सकाळी मी ह्यांना धारेवर धरलं होतं, कशावरून ते आता आठवत नाही, आणि बोलता बोलता मध्येच थांबले. वैजू चाळण घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आत्ती, तुम्ही हल्ली भांडताना थांबता."

"विचार करते."

"विचार नाही, श्वास घेता."

हे खाटेवर बसून विडी शिलगावत होते. काडी तशीच हातात राहिली. म्हणाले, "व्हय गं. म्हणूनच मी हल्ली जिंकतोय. मला वाटलं, मला अक्कल आली."

"ती कुठली यायला," मी म्हटलं, आणि खोकला आला तो थांबेना. खोकला कैक दिवसांचा होता. ओढ्यावरनं वर येताना मी कडुनिंबाखाली उभी राहायची, पण कुणी बघितलं तर पदर सारखा करतेय असं दाखवायची.

ह्यांनी काडी विझवली. "चल दवाखान्यात. असलं फुकटचं जिंकण्यात काय मजा नाही."

गडहिंग्लजला गेलो. डॉक्टरीणबाई नेसरीकर म्हणून होत्या, वैजूच्याच वयाच्या. त्यांनी मला खुर्चीवर ताठ बसवलं, नाकाला चिमटा लावला आणि मशीनला जोडलेली एक नळी तोंडात धरायला दिली.

"मावशी, भरपूर श्वास घ्या आणि एका दमात जोरात फुंका. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

फुंकणीनं चुली पेटवत म्हातारी झालेल्या बाईला ही पोर फुंकायला शिकवणार. मी फुंकलं. ती बाई "अजून, अजून, अजून, सोडू नका" म्हणत शर्यतीत बैल हाकलल्यासारखी ओरडायला लागली. तीनदा तसं करून घेतलं, मग कागदावरच्या रेघा बघत बसली. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, मला त्या रेघा म्हणजे गांडूळ चालल्यासारख्या दिसल्या.

"धुरानं फुफ्फुसातल्या नळ्या आखडल्यात," त्या म्हणाल्या. "हा जुनाट आजार आहे. पूर्ण जाणार नाही."

ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पण अगदी सौम्य आहे," त्या बोलत होत्या. "लवकर आलात हे फार चांगलं केलंत. ह्याला वाढू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे. धूर अजिबात नको. भट्टीचा नको, चुलीचा नको. रोज चालायचं. दम लागला तर नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. बशीतला चहा निववतो ना, तसा."

"एवढं शिकायला तुम्ही मुंबईला गेला होता?" मी म्हटलं. त्या हसल्या. हे हसले नाहीत.

मग त्यांनी पंप कसा ओढायचा ते दाखवलं, सर्दीतापाची लस टोचली, आणि जाता जाता विचारलं, "घरात विडी कोण ओढतं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी खिशावर हात ठेवला.

"काका, तीही बंद. तुमच्यासाठीही आणि मावशींसाठीही."

"अंगणात ओढीन," हे म्हणाले. आवाज कुठल्या तरी विहिरीतनं आल्यासारखा.

येताना एस.टी. डोंगराच्या फाट्यावर थांबली आणि हे उठले. "तू पुढं जा. मी मरगुबाईला जाऊन येतो." त्यांनी खाली उतरून टपरीवर नारळ घेतला, तेवढं मी खिडकीतनं बघितलं.

आमच्यात एक पद्धत आहे. घरावर काही आलं तर डोंगरावरच्या मरगुबाईला आवडती वस्तू सोडायची. सोडायची म्हणजे जन्मभर तिला शिवायचं नाही. हे लहान असताना तापानं फणफणले तेव्हा सासूनं फणस सोडला होता, आणि पुढं फणसाचा वास आला की म्हातारी उठून दुसऱ्या खोलीत जायची. माझ्या पोराला टेंपोचा अपघात झाला तेव्हा मी गरम जिलेबी सोडली. म्हणून हे परत आले तेव्हा मी काही बोलले नाही, नुसती बघत राहिले, माझ्यासाठी काय सोडलंय म्हणून.

गुळाचा खडा तोंडात टाकला. म्हणजे गूळ नाही. रात्री वांग्याची भाजी दोनदा घेतली. वांगंही नाही. चहा चालू. तंबाखू तर ते खातच नव्हते. मग जेवण झाल्यावर अंगणात गेले आणि अंधारात विडीचं टोक लाल झालं.

म्हणजे माझ्यासाठी विडीसुद्धा सोडली नाही. नुसता नारळ फोडून आले. तो राग मी गिळला, कारण मला वाटलं सकाळी भांडणात काढते. आणि सकाळपासून भांडणच बंद.

मी काही म्हणावं, ह्यांनी "बरं" म्हणावं. मी म्हटलं, तुमची बहीण मेली आगाऊ आहे. म्हणाले, "तुझं खरं आहे." मी म्हटलं, तुमची टोपी डुकरानं चघळल्यासारखी दिसते. टोपी काढून खुंटीला लावली. तोंड उघडायचे, ओठ हलायचे, मला वाटायचं आता येतंय, आता येतंय. मग घोट गिळायचे आणि अंगणात जायचे. विड्या मात्र वाढल्या होत्या.

गड्यांना मी सांगून टाकलं होतं की धुराडं होईपर्यंत भट्टी बंद. त्या धुरात मी बसणार नाही आणि माझ्या जागी वैजूलाही बसवणार नाही. तिची फुफ्फुसं काय रस्त्यावर पडलीत? गवंडी आला. ओळंबा हातात घेऊन उभा राहिला आणि विचारलं, "कुठल्या अंगाला काढू?"

हे म्हणाले, "ती म्हणेल तिथं."

मी मुद्दाम म्हटलं, "रस्त्याच्या अंगाला काढू या." म्हणजे ह्यांचंच म्हणणं.

"बरं."

"नाहीतर ओढ्याच्या अंगाला."

"तेही बरं."

"नाहीतर धुराडंच नको, तिथं तुळस लावू."

"लाव की. तुळस चांगलीच."

गवंड्यानं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आक्का, तुमचं ठरलं की निरोप धाडा," म्हणाला आणि ओळंबा गुंडाळून निघून गेला. उभ्या जन्मात आमच्या घरात आरडाओरडा झाल्याशिवाय एक वीट हललेली नव्हती, ती आता कशी हलायची? भट्टी थंड. घर थंड. आणि त्या थंडीत मला एकाएकी माझी सासू आठवली.

म्हातारी शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा सगळं घर तिच्याशी असंच गोड बोलायला लागलं होतं. एके दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, "हौसे, ही माणसं मला उलटून बोलेनात. म्हणजे मी काय आता उठत नाही." आणि नाहीच उठली.

तेव्हा मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी वेगळं सांगितलं असणार. मला सौम्य आणि ह्यांना खरं. मी ह्यांना विचारणार नव्हते. मरायचं असेल तर मी माझी मरेन, ह्या माणसाला "मी मरणार आहे काय" म्हणून विचारायचं? म्हणजे आयुष्यभराचं सगळं जिंकलेलं एका घटकेत हरायचं.

म्हणून ती खारट आमटी. ती माझी शेवटची परीक्षा होती. ह्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि माझा निकाल लागला.

हे बाहेर गेल्यावर मी ट्रंक उघडली, माझं हिरवं इरकल काढलं आणि वैजूच्या हातात ठेवलं.

"हे काय आत्ती?"

"तुला. मला आता कशाला लागतंय?"

"का, साड्या नेसायचं सोडलंत?"

"वैजू, मी काय फार दिवस नाही. तुझे मामा माझ्याशी भांडत नाहीत."

वैजू आधी हसली. मग तिनं माझं तोंड बघितलं. मग इरकल परत ट्रंकेत टाकून ट्रंकेचं झाकण पायानं लावलं, सासूसमोर, पायानं. "उठा. त्या बाईंनाच विचारू."

दवाखान्यात मी सरळ बसले आणि म्हटलं, "बाई, लपवू नका. माझे किती दिवस राहिले?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुम्हाला असं?"

"कुणी नाही. नवरा भांडेना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, वैजूकडं बघितलं, आणि तोंडापुढं रुमाल धरला. बराच वेळ धरला. मग पुन्हा त्या नळीत फुंकायला लावलं, छातीला नळी लावून ऐकलं, आणि म्हणाल्या, "मावशी, जसं होतं तसंच आहे. काही वाढलेलं नाही. काकांना मी वेगळं काहीएक सांगितलेलं नाही. धुरापासनं लांब राहिलात, चालत राहिलात, तर ह्या आजाराबरोबर तुम्ही खुशाल म्हाताऱ्या व्हाल. चालता ना रोज?"

"कडुनिंबापर्यंत जाते. आता पदर सारखा करावा लागत नाही."

त्यांना ते कळलं नाही, पण लिहून घेतलं. "आणि काकांनी विडी सोडली?"

"ओसरीवरनं अंगणात गेली तेवढी."

येताना एस.टी.त मी खिडकीपाशी बसले. मरणार नाही म्हटल्यावर जीव हलका व्हायला पाहिजे होता, तर झाला उलटा राग. मरणार नसेन तर हा माणूस माझ्याशी का बोलेना? मला टाकून बोलण्यासारखं माझ्यात काही उरलं नाही काय?

वैजू म्हणाली, "आत्ती, मामांनी त्या दिवशी मरगुबाईला काय सोडलं, तुम्ही विचारलंत?"

"काय सोडणार? गूळ खातो, वांगं खातो, विडी ओढतो. नुसता नारळ आपटून आला."

"मामा? नुसता नारळ?"

फाटा आला तशी मी उठले. वैजू म्हणाली, डोंगर आहे, पायऱ्या आहेत. मी म्हटलं, तू खाली बस टपरीवर, मला माझ्या पायानं जाऊ दे.

तो डोंगर मी आधी बोलत बोलत चढायची, आता गप्प चढले. नाकानं घ्यायचा, चंबू करून सोडायचा. बशीतला चहा. थोडं चढले की थांबायची, चहा निववायची, पुन्हा चढायची. वाटेत दोन बाया भरभर वर गेल्या आणि मी पुढच्या वळणावर पोचले तर त्या कमरेवर हात ठेवून धापा टाकत होत्या. मी चहा निववत त्यांच्या पुढनं गेले. कुणाकडं बघितलं नाही. त्यांनी मात्र बघितलं.

वर देवळात गुरवाची यल्लूबाई समई पुसत बसली होती. मला बघून म्हणाली, "हौसाक्का, तू वर आलीस? तुझे म्हादबा तर त्या दिवशी म्हणत होते तुला आता उंबऱ्याबाहेर सोडणार नाही."

"ते काय माझे राखणदार आहेत? यल्लू, त्यांनी आईला काय सोडलं ते सांग."

"बाई, सोडलेलं सांगू नये."

"तुला पोटात ठेवता आलंय काय कधी काही?"

यल्लूबाईला ते पटलं. तिनं समई बाजूला ठेवली आणि सरकून बसली. "नारळ फोडला. हात जोडले. म्हणाले, आई, मला सगळ्यात आवडतं ते सोडतो, पण तिला बरी कर. मी इथंच होते. म्हटलं, भावजी, गूळ काय? मान हलवली. म्हटलं, विडी सोडा, बरं होईल. तर म्हणाले, विडी आवडीची नाही गं, सवयीची आहे." तिनं देवीकडं बघितलं. "मग खूप वेळ उभे राहिले. आणि म्हणाले, हौसाशी भांडायचं सोडतो."

मी पायरीवर बसले. दम लागला नव्हता.

वारं होतं, पिंपळ सळसळत होता, खाली आमच्या भट्टीचा पत्रा दिसत होता, त्यातनं धूर येत नव्हता. यल्लूबाई काहीतरी बोलत होती, आपला नवरा दारूचा एक पेला सोडेना म्हणून. मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती आमटी होती. तो पहिला घास आणि ते मोठे झालेले डोळे, आणि खाली गेलेली मान.

एवढ्यात खालनं कुणीतरी धापा टाकत येताना ऐकू आलं. आमचे हे. वैजूनं टपरीवरनं फोन केला होता, आणि हे कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून फाट्यावर आले होते. शेवटच्या पायरीवर आले आणि खांबाला धरून उभे राहिले. तोंडातनं शब्द फुटेना. छाती भात्यासारखी हलत होती.

"तू... डोंगर... तुला दम..."

"नाकानं घ्या," मी म्हटलं, "आणि चंबू करून सोडा. बशीतला चहा निववता तसा."

त्यांनी चंबू केला. त्या खांबाशी उभा राहून टोपी वाकडी झालेला माणूस फूफू करत होता, आणि मला हसू आलं नाही, दुसरंच काहीतरी आलं, ते मी पदराला पुसलं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या त्या दिवशी?" मी विचारलं.

"पूर्ण जाणार नाही म्हणाल्या."

"आणि पुढं?"

"पुढचं मला ऐकू आलं नाही."

"सौम्य आहे म्हणाल्या. लवकर आलात म्हणाल्या. म्हातारी व्हाल म्हणाल्या. आज परत विचारून आले मी."

ते पायरीवर बसले, माझ्यापासनं जरा लांब. टोपी काढून मांडीवर ठेवली, तशीच. मग म्हणाले, "मग आईनं ऐकलं म्हणायचं."

"आईनं नाही, मी ऐकलं. तुम्ही अर्धं ऐकून डोंगर चढलात." मी यल्लूबाईकडं वळले. "यल्लू, सोडलेली वस्तू परत घ्यायची तर काय करायचं?"

"परत मिळत नाही हौसाक्का. तिच्याहून आवडती वस्तू जाग्यावर ठेवली तरच."

"ठेवा हो, विडी ठेवा," मी ह्यांना म्हटलं.

त्यांनी खिशातनं विड्यांचं बंडल काढलं. हातात घेऊन बघत राहिले. देवीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि बंडल पुन्हा मुठीत मिटलं.

"काय झालं? एवढी जड आहे?"

"तसं नाही गं. आईपुढं खोटं कसं बोलू?" ते म्हणाले. "विडी काय भांडणापेक्षा आवडती नाही."

यल्लूबाई समई पुसायला लागली, पुसलेलीच पुन्हा.

मी उठले. एक श्वास नाकानं घेतला, चंबू करून सोडला, आणि मग त्यांना, देवीलाही ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं, "तर मग ऐका. ते भांडण तुमच्या एकट्याचं नव्हतं, निम्मं माझं होतं. मला न विचारता माझी वस्तू देवाला दिलीत, ही चोरी झाली, आणि चोरीचा माल आई ठेवून घेत नाही. तेव्हा विडी तिच्या पायाशी टाकायची, आवडीची नसली तरी, मला तिचा धूर सोसत नाही म्हणून. भांडण उचलायचं आणि माझ्या मागनं खाली उतरायचं, पुढनं नाही, तुम्हाला दम लागतो. घरी गेल्यावर दुपारची आमटी उरलीय, ती खाऊन थू म्हणायचं. आणि गवंडी आला की धुराडं रस्त्याच्याच अंगाला पाहिजे म्हणून हटून बसायचं, म्हणजे मला ते ओढ्याच्या अंगाला काढून घेता येईल."